खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही

आमच्या ऑफिसात माणसं आठ, आणि खो-खोला लागतात नऊ. म्हणून मी खेळले. नाहीतर चहा करणाऱ्या बाईला मैदानात कोण बोलावणार? मिलिंद सर म्हणाले, "मंदाताई, तुम्ही नुसत्या बसून राहा. तुम्हाला कुणी खो देणार नाही." आणि पहिल्याच शनिवारी सायलीने माझ्या पाठीवर थाप मारून खो दिला. मी निऱ्या खोचून धावले. समोरचा एक मुलगा माझ्याकडे बघून पळायचाच थांबला आणि बाद झाला. माझ्या हातून आयुष्यात बाद झालेला तो एकच गडी.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, कागदासमोर तसं होत नाही. शिक्षण चौथीपर्यंत. कल्याणजवळच्या शाळेत जात होते, पुढे धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवलं. वाचायची सवय मात्र सुटली नाही. ऑफिसात दिवाळीला अंक यायचे, ते सगळ्यांचे चाळून झाले की माझ्या पिशवीत पडायचे. त्यात माणसं आपापल्या नोकरीबद्दल लिहायची. डॉक्टर, फौजदार, रेल्वेतले साहेब. मला वाटायचं, आपल्याकडेही सांगण्यासारखं एक आहे. ते माझ्या कामाचं नाही, काम करता करता दिसलेलं आहे. गुडघ्यांमुळे आता नोकरी सुटली. दुपार खायला उठते. म्हणून लिहिते.

ऑफिस माजिवड्याला, एका गॅरेजच्या वर. दारावर 'यूएक्स डिझाइन' असं लिहिलेलं. मी लागले तेव्हा त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता आणि विचारायची लाज वाटायची. पुढे सायलीने सांगितला. ती डोंबिवलीची मुलगी, कॉलेज संपवून नुकतीच लागलेली, माझ्यासारखीच कमी बोलणारी. ती म्हणाली, "मावशी, फोनवर जे दिसतं ना, ते कुठे ठेवायचं, केवढं ठेवायचं, बोट लावल्यावर काय झालं पाहिजे, हे ठरवायचं काम. वापरणाऱ्याला दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं, तर आपण चुकलो." मला ते लगेच पटलं. नीट लावलेल्या स्वयंपाकघरात मीठ कुठे आहे हे विचारावं लागत नाही. हात जातो तिथेच ते असतं.

मिलिंद सर ऑफिसचे मालक. तरुणपणी खो-खो खेळलेले. नवी मुलं लागली की ते त्यांना शनिवारी सकाळी वर्तकनगरच्या मैदानावर न्यायचे. समोर पळायला शेजारच्या ऑफिसातली मुलं यायची. सायलीबरोबर ओंकार नावाचा एक मुलगा लागला होता. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, याचा डिझाइनशी काय संबंध?"

"आधी उकिडवा बसायला शीक," सर म्हणाले. "मांडी घालून बसलायस, जेवायला वाढू का?"

ज्यांनी हा खेळ खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. आठ गडी एका ओळीत बसतात. एकाचं तोंड इकडे, तर त्याच्या शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. त्याला ओळ ओलांडता येत नाही आणि एकदा निघाला की मागे फिरता येत नाही. पळणारा पलीकडे गेला की पाठलाग करणाऱ्याने पलीकडे तोंड असलेल्या गड्याला पाठीमागून हात लावायचा आणि मोठ्याने 'खो' म्हणायचं. तो गडी उठून धावतो, आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. खो मिळाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. खेळ एवढाच आहे, पण नव्या मुलांना शिकवायला सरांना तो पुरायचा.

ओंकारला तो रक्ताच्या प्रकरणात कळला. एका रक्त तपासणीवाल्यांसाठी त्याने फोनवरचं बटण तयार केलं होतं. दाबलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा घरी येऊन रक्त घेऊन जाणार. बटण दिसायला सुरेख, पण दाबल्यावर ते जसंच्या तसं राहायचं. दाबलं गेलं की नाही ते कळायचं नाही. वर्तकनगरचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी दाबलं, काही झालं नाही, पुन्हा पुन्हा दाबलं. सकाळी त्यांच्या दारात एकामागून एक चार मुलं सुया घेऊन उभी. गृहस्थ उपाशीपोटी तसेच आमच्या ऑफिसात आले, बाही वर केलेली.

"ज्याने हे केलंय त्याला बोलवा," ते म्हणाले. "चौघांना पुरेल एवढं रक्त नाहीये माझ्यात. उरलेलं त्याचं काढू."

मी त्यांना चहा दिला. साखर चालत नाही म्हणाले आणि दोन चमचे घालून घेतली.

त्या शनिवारी सरांनी ओंकारला सांगितलं, आज खो देताना फक्त हात लावायचा, तोंडाने बोलायचं नाही. पुढे बसलेल्याला वाटायचं, वारा लागला असेल. कुणी उठायचं, कुणी बसून राहायचं, कधी दोघं एकदम धावायचे. सगळा गोंधळ. ओंकार घाम पुसत म्हणाला, "कळलं सर. हातही हवा आणि आवाजही हवा." नंतर त्याचं बटण दाबलं की रंग बदलायचं, फोन हातात थरथरायचा आणि वर लिहून यायचं की मुलगा उद्या येतोय. सर म्हणाले, "हां, आता खो मिळाला."

दुसरी गोष्ट सायली शिकली. पाठलाग करताना ती नेहमी फसायची. पळणारा मुलगा डावीकडे बघायचा आणि उजवीकडे निघून जायचा. सर ओरडायचे, "तोंडाकडे काय बघतेस? तोंडाने तो हूल देतोय. पाय बघ! पाय जिकडे तिकडेच तो जाणार." सायली मग मान खाली घालून पळायला लागली आणि गडी मिळायला लागले. याचा ऑफिसात काय उपयोग, ते मात्र रंजना आली तेव्हा समजलं.

रंजना आमच्या खोपटच्या चाळीतली, माझ्या दारासमोर तिचं दार. नवरा गेला तेव्हा मुलगी लहान होती. माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये एका म्हाताऱ्या जोडप्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची. काका आणि काकू, मुलगा परदेशात. ते एक घर धरून तिने मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं. दुसरं घर तिने घेतलं नाही. म्हणायची, "दोन घरचं मीठ हातात राहत नाही."

मोठ्या सोसायट्यांना घरकामाच्या बायका पुरवणाऱ्या एका कंपनीचं ॲप करायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. टॉवरच्या कमिटीने ठरवलेलं की यापुढे स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणारी प्रत्येक बाई त्या ॲपमधूनच येणार. गेटवर फोन दाखवायचा, मगच आत. जिला ॲप जमणार नाही तिचं घर जाणार. रंजनाचं घर त्यातच होतं. सरांनी विचारलं, वापरून बघायला तुमच्या ओळखीची कुणी आहे का. मी रंजनाला नेलं.

जिन्यातच तिने मला थांबवलं. "काय गं मंदे, परीक्षा आहे का? मी नापास झाले तर?"

"तुझी नाही. त्या पोरांची परीक्षा आहे."

"मग पास करून टाकते सगळ्यांना. लेकरं आहेत."

आणि तिने खरंच तसंच केलं. ओंकार एकेक स्क्रीन दाखवून विचारत होता, "समजलं का मावशी?" आणि ती म्हणत होती, "हो, छान आहे. रंग पण छान आहे." आमच्याकडे अशीच रीत आहे. कुणी हौसेने करून वाढलं तर त्याला नाव ठेवायचं नाही. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्याने दोन घास जास्त खायचे. ओंकार खूश होऊन लिहून घेत होता. सायली काही लिहीत नव्हती. ती रंजनाच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा काचेच्या वर यायचा, तिथेच घुटमळायचा आणि माघारी जायचा.

"मावशी," सायलीने हळूच विचारलं, "तुम्ही छान म्हणताय, पण तुमचं बोट थांबतंय. का थांबतंय?"

रंजनाने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच 'सांग' म्हटलं.

"खरं सांगू का बाळा? एकदा दाबलं आणि चुकलं, तर मागे येता येतं का, ते कळत नाही. म्हणून भीती वाटते."

सायलीने मग प्रत्येक स्क्रीनवर मागे यायचा मोठा बाण ठेवला. अक्षरं मोठी केली. वाचता येत नाही तिच्यासाठी बोलून सांगणारा आवाज घातला. त्यासाठी रंजना आणखी दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा तिचा अंगठा कुठे थांबला नाही. सायलीचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

निघताना रंजना दारात थांबली. "सगळं आहे, पण यात बदली कुठे आहे?"

ऑफिसातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मलाही तोवर सुचलं नव्हतं, कारण ज्या गोष्टी रोजच्या असतात त्या कुणाला सांगायच्या असतात असं वाटत नाही. घरकाम करणाऱ्या बायकांत बदली असते. एखादी गावाला गेली, आजारी पडली, तर ती आपलं घर मैत्रिणीला देऊन जाते. मैत्रीण ते सांभाळते आणि ही परत आली की त्याच दिवशी घर परत करते. त्याचा कागद नाही, साक्षीदार नाही. बदलीचं घर ठेवून घेतलं अशी बाई माझ्या बघण्यात नाही. उसनी आणलेली वाटी जशी परत करतो, तसं ते. रंजनाची बदली सुशीला. ती पण आमच्याच चाळीतली, बुद्धविहारात दोघी शेजारी बसायच्या, आणि दोघींनी इतक्या वर्षांत एकमेकींचं घर कितीदा सांभाळलं त्याला मोजदाद नाही.

सायलीने ऐकून घेतलं आणि एका दुपारात बदलीची स्क्रीन तयार केली. कुणाला घर द्यायचं तिचं नाव, कधीपर्यंत, आणि परत आल्यावर एक बटण. सर बघून म्हणाले, "अगं, हा खो आहे." कंपनीची माणसं बघायला आली तेव्हा सरांनी तीच स्क्रीन आधी दाखवली. मी चहा देत होते.

कंपनीचे साहेब वाईट नव्हते. माझ्या हातून ट्रे घेऊन त्यांनी स्वतः कप वाटले. ते म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण बाईने बाई पाठवायची आणि घरातून काही गेलं तर जबाबदार कोण? कोणती बाई कुठे जाणार ते आम्हीच ठरवणार."

"पण ही दुसरी बाईसुद्धा तुमच्याकडे नोंदवलेलीच असेल ना सर?" सायली म्हणाली. एवढ्या माणसांत बोलायची तिची ती पहिलीच वेळ. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. मला माहीत आहे तसं होतं ते.

"पुढच्या वेळी बघू," साहेब म्हणाले.

त्यांची पद्धत अशी. बाईने रजा टाकली किंवा घर सोडलं, की ते काम जवळपासच्या सगळ्या बायकांच्या फोनवर एकदम वाजणार. हिरवी पट्टी येणार, 'काम घ्या'. जिचं बोट आधी लागेल तिचं घर. रजा संपून पहिली परत आली तरी घर नवीचंच राहणार. घरवाल्यांनाही बाई निवडता येणार नव्हती, कारण मग ते बाहेरच्या बाहेर ठरवतात आणि कंपनीला काही मिळत नाही.

साहेब गेल्यावर सायली पॅन्ट्रीत आली. मागोमाग सर आले.

"सर, यात खो सगळ्यांना एकदम मिळतो," ती म्हणाली. "सगळ्या उठणार. एकीला मिळणार, बाकीच्या नुसत्या उभ्या. हा काय खेळ झाला?"

"मैदान ते आखतात, सायली. आपण त्या मैदानावर गडी नीट बसवायचे."

"आणि नियम चुकीचा असला तर?"

सरांनी हातातला कप ओट्यावर ठेवला. मग मला म्हणाले, "मंदाताई, हिला चहा द्या."

ॲप सुरू झालं. विहाराच्या हॉलमध्ये बायकांना शिकवायला सायली आणि ओंकार आले होते. जिथे तिथे कौतुक झालं. ज्या बायका शाळेची पायरी चढल्या नव्हत्या त्यांनी पण घडाघड वापरलं. "या पोरीने केलंय," रंजना सगळ्यांना सांगत फिरत होती, जशी काही सायली तिच्याच घरची.

थोड्या महिन्यांनी रंजनाच्या मुलीचं बाळंतपण आलं. मुलगी चिपळूणला दिलेली, सासू नाही, जाणं भागच होतं. रंजना आणि सुशीला माझ्या खोलीत बसल्या. मी सायलीला फोन लावला. तिने सगळं समजावलं आणि म्हणाली, "मावशी, रजा टाकली की घर सगळ्यांना दिसेल. फार जपून करा."

"दिसू दे ना," रंजना म्हणाली. "सुशी माझ्या शेजारीच बसलीये. मी टाकते आणि ती उचलते."

तसंच झालं. भर दुपार होती, बायका कामावर नाहीतर झोपलेल्या. रंजनाने रजा टाकली, सुशीलाच्या फोनवर हिरवी पट्टी आली, तिने बोट ठेवलं, घर तिला मिळालं. दोघींनी टाळी दिली. "बघ, बदली आहे म्हटलं यात," रंजना मला म्हणाली. "तुझी ती पोर उगाच घाबरते."

रंजना परत आली ती नातीचे फोटो घेऊन. मुलीचं पोट फाडावं लागलं होतं, म्हणून ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहावं लागलं. त्या दिवसांत बरंच बदललं होतं. कंपनीने कल्याण-डोंबिवलीच्या बायकाही घेतल्या होत्या. फोन वाजला की उचलणारे हात पुष्कळ झाले होते.

ती आल्यावर काही दिवसांनी, शनिवार होता. सायली खेळ आटपून माझ्याकडे आली. मीच बोलावलं होतं. रंजनाच्या ओट्यावर आम्ही चौघी बसलो. सायलीने सुशीलाचा हात धरला.

"मावशी, माझं ऐका. घर तुमच्याकडेच राहू दे. तुम्ही सोडलंत आणि दुसरीने उचललं तर दोघींचं जाईल. आता ही माझ्या हातातली गोष्ट नाहीये."

सुशीलाच्या नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं. तो त्यांच्या खोलीतून ओरडला, "आयतं आलेलं सोडतात का? वेडी आहेस का तू?"

"तुम्ही मध्ये बोलू नका हो," सुशीला म्हणाली. मग सायलीकडे वळून म्हणाली, "बाळा, हिच्या घरचं मीठ मी किती दिवस खाऊ? सकाळी उठून हिच्या दारावरून डबा घेऊन जाते ना, तेव्हा हिचं दार लोटलेलं असतं. ती आत असते. मला माहीत असतं ती आत आहे. मी चप्पल हातात घेऊन जाते, आवाज नको म्हणून."

 रंजनाजवळ दुसरं घर नव्हतं. चिपळूणला होतं नव्हतं ते खर्च झालेलं. तिने सुशीलाला एकदाही परत दे म्हटलं नव्हतं, आणि ठेव असंही म्हणवत नव्हतं.

"द्यायचंच आहे," सुशीला म्हणाली. "कसं द्यायचं ते सांग."

सायलीने मग सांगितलं. दुपारचीच वेळ धरा. रंजनामावशीचा फोन उघडा ठेवा. अंगठा तयार ठेवा, पण पट्टी यायच्या आधी दाबू नका, दाबलं तर ती स्क्रीन निघून जाते. आधी उठलं तर फाऊल, मी मनात म्हटलं. त्यांनी तालीम केली. सुशीला नुसतंच हवेत बोट मारायची आणि रंजना फोनवर अंगठा टेकवायची. मी दोघींच्या मध्ये बसले होते.

"खो म्हण गं जोरात," रंजना म्हणाली, "नाहीतर मला कळायचं नाही. ही मंदी म्हातारपणी खो-खो खेळते, तिच्याकडून शीक." हसायचा तिचा स्वभावच. पण कपाळावर घाम होता. सुशीलाने पदराने तो पुसला.

दुपारी सुशीलाने 'घर सोडा' दाबलं. ॲपने विचारलं, नक्की का? तो प्रश्न सायलीनेच घातलेला, चुकून कुणाचं घर जाऊ नये म्हणून. सुशीलाने पुन्हा दाबलं आणि ओरडली, "खो!"

रंजनाचा फोन तसाच. काळ्या काचेत तिचाच चेहरा. आधी समोरच्या गल्लीत कुणाचा तरी फोन वाजला. मग वरच्या मजल्यावर एक. मग रंजनाचा. हिरवी पट्टी आली, तिचा अंगठा पडला. कुठेही घुटमळला नाही. बटणाचा रंग बदलला, फोन थरथरला, जसं व्हायला हवं तसं सगळं झालं. मग स्क्रीनवर आलं आणि फोन बाईच्या आवाजात बोलला, "हे काम दुसऱ्या ताईंना मिळाले आहे. नाराज होऊ नका, पुन्हा प्रयत्न करा."

त्या वाक्यावर ऑफिसात पूर्ण एक दुपार गेली होती. 'ताई' म्हणायचं की नाही, 'नाराज' हा शब्द ठेवायचा की नाही. मी तेव्हा दोनदा चहा केला होता.

 सायली फोनकडे बघत होती. "दुसरीचंही बोट कुठे थांबलं नसणार," ती म्हणाली. "इतकं सोपं केलं मी ते."

"तू चांगलंच केलंस, बाळा," रंजना म्हणाली आणि उठून आत गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. घासायला भांडी नव्हती, मला माहीत आहे. मी आत्ताच तिथे पाणी प्यायले होते.

सुशीला ओट्यावर तशीच बसून राहिली. नवरा बाहेर आला, तिच्याकडे बघितलं आणि आत गेला. ते ओरडण्यापेक्षा वाईट.

काकांनी कमिटीकडे तक्रार केली, कंपनीला फोन केले. सायलीने सरांना सांगितलं, सर कंपनीत जाऊन बोलून आले. सगळ्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. बदलीची स्क्रीन पुढच्या वेळी घालू म्हणाले. सायली त्यानंतर ऑफिसात फार दिवस राहिली नाही. जाताना मला म्हणाली, "मावशी, कुणाला कळत नसलं तर ते सोपं करता येतं. हे सगळ्यांना कळलेलंच होतं." शनिवारचा खेळही थांबला. माणसं सहाच उरली. मी गुडघ्यांमुळे नोकरी सोडली तेव्हा मैदानाभोवती पत्रे लागले होते.

रंजना आता एका डबेवालीकडे पोळ्या लाटायला जाते. दिवसभर लाटते, त्या कुणाच्या ताटात जातात ते तिला माहीत नसतं. सुशीलाला ॲपवर धुण्याचं एक घर मिळालं. दोघी बोलतात. आधी जसं बोलायच्या तसं नाही, पण दुपारी एकत्र बसतात.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघी माझ्या दारात वाटाणे सोलत होतो. रंजनाचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने स्पीकर लावला, कारण हात वाटाण्यात होते.

"ताई, मी पूजा. कल्याणहून बोलते. माजिवड्याच्या काका-काकूंचं स्वयंपाकाचं घर आहे ना, ते मी करते. काकांनी तुमचा नंबर दिला."

आम्ही तिघी थांबलो. आवाज अगदी कोवळा होता. मागे कुठेतरी लहान मूल रडत होतं.

"ताई, काका रोज पोळी ताटात ठेवतात. काही बोलत नाहीत, पण खात नाहीत. काकू म्हणाल्या, रंजनाला विचार. सांगाल का?"

सुशीलाने हाताने खूण केली. नको सांगू. जोरजोराने मान हलवून, नको, नको.

रंजनाने हात पदराला पुसले आणि फोन जवळ घेतला.

"त्यांना कवळी बसत नाही खालची," ती म्हणाली. "कणीक कोमट पाण्यात भिजव आणि थोडं दूध घाल. सैल भिजव, हाताला चिकटली तरी चालेल. पोळी तव्यावरून उतरली की लगेच फडक्यात गुंडाळ, वाऱ्यावर ठेवू नको. काकूंची पोळी वेगळी, त्यांना खरपूस लागते, ती शेवटी कर. आणि काकांसमोर उभी राहू नकोस, ते जेवताना कुणी बघितलेलं त्यांना आवडत नाही. ओट्याकडे तोंड करून काहीतरी करत राहा."

"थांबा हं ताई... हो. कळलं." त्या पोरीने रडणाऱ्या मुलाला चुचकारलं. मग म्हणाली, "किती चांगलं घर आहे हो हे. तुम्ही का सोडलंत?"

सुशीलाने वाटाण्यांत मान घातली.

"मुलीचं बाळंतपण होतं," रंजना म्हणाली.

"मग नंतर आला नाहीत परत?"

"आले की," रंजना म्हणाली. "कणकेत दूध घालायला विसरू नकोस."